नवाबच्या पिंजऱ्यातलं रक्त

रविवारी सकाळी नारपोलीतल्या आमच्या आळीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. रात्रपाळी करून आलेली माणसं एरवी या वेळी गाढ झोपलेली असतात, पण त्या दिवशी तीसुद्धा डोळे चोळत उभी होती. पोरं पाण्याच्या टाक्यांवर चढली होती. पलीकडच्या शेडमधले कापड विणायचे लूम नेहमीसारखे खटखटत होते, ऑक्टोबरचा उकाडा जिवाला चटका लावत होता आणि या सगळ्याच्या मधोमध, किशनच्या दारातल्या उंच पिंजऱ्यासमोर, तुरेवाले बाबा डोळे मिटून उभे होते.

अंगात शेंदरी सदरा, गळ्यात पिसांची माळ आणि कमरेला छोटा स्पीकर. लूमच्या आवाजात दैवी शक्तीलाही माइक लागतो, हे मला त्या दिवशी समजलं.

"ये मामुली मुर्गा नहीं है," बाबा डोळे न उघडताच बोलले. "ह्याचा तुरा म्हणजे अँटेना आहे, अँटेना. ब्रह्मांडाची एनर्जी इथून घरात उतरते. पर किसीने लाइन काट दी है. कोणीतरी ह्या मुक्या जिवाचं रक्त ओढतंय. कोण ओढतंय, ते रक्तच सांगेल."

गर्दीतून एक हुंकार निघाला. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. मी मेघाली. पालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून आळी मला टीचर म्हणते आणि काही चमत्कार व्हायचा असला की शक्यतो मला मागे उभं करते.

पिंजऱ्यातला कोंबडा म्हणजे किशनचा नवाब. असील जातीचा, लांब पायांचा, मान ताठ ठेवणारा. गेल्या वर्षी काल्हेरच्या एका रिकाम्या गोडाऊनमध्ये कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं होतं, त्यात तो पहिला आला होता. किशन लूमवर काम करतो. बारा बारा तास मशिनीपुढे उभा राहणाऱ्या त्या माणसाच्या आयुष्यात लोकांनी टाळ्या वाजवाव्यात असं तेवढंच एक घडलं होतं. आता तोच नवाब पिसं फुगवून कोपऱ्यात बसला होता. लालभडक तुरा फिकट पडला होता. शेजारच्या सरूच्या दोन कोंबड्या अशाच फिक्या पडत मरून गेल्या होत्या.

बाबांनी पिंजऱ्यांना ज्यांचे हात लागतात किंवा पूर्वी लागायचे त्या बायकांना पुढे बोलावलं. पुरुषांचे हात पिंजऱ्याला लागत नसावेत. बाबांच्या शास्त्रात चेटूक नेहमी बाईच करते. किशनची बायको सुवर्णा पुढे झाली, मग सरू, आणि शेवटी गुणाबाई. प्रत्येकीच्या हातात बाबांनी पांढऱ्या मलमलीचा एक तुकडा दिला, तिचं मनगट धरलं आणि कोंबडा जिच्यावर बसतो त्या दांडीवरून तो तुकडा फिरवायला लावला. सुवर्णाचा तुकडा पांढरा निघाला, थोडी धूळ तेवढी लागली. सरूचाही तसाच.

गुणाबाईचा हात पुढे आला तेव्हा बाबांनी तो थांबवला. "ऐसे नहीं, माई. असा धर," म्हणत त्यांनी तिचं मनगट वळवलं आणि हात दांडीवरून सावकाश ओढत आणला. मग तिची मूठ धरून वर उचलली आणि तुकडा सगळ्यांसमोर उलगडला.

तुकड्यावर रक्त होतं. ताजं, लाल, लांबच लांब ओढलेलं.

बायकांनी पोरांना मागे खेचलं. सुवर्णाने तोंडावर पदर धरला. गुणाबाई स्वतःच्या हाताकडे बघत राहिली, तो जणू दुसऱ्याच कुणाचा होता. बाबांनी निकाल दिला, की ही बाई आळीत आहे तोवर कोंबड्याच काय, पाळण्यातली लेकरंही सुखरूप नाहीत. पुढच्या रविवारी ते मंत्राने आळी बांधायला येतील, त्याच्या आत हिने खोली सोडायची. तोवर घरोघरी त्यांचा भारलेला अंगारा पिंजऱ्यात टाकायचा आणि पिंजऱ्याला पाणी लावायचं नाही. पाणी लागलं की मंत्र वाहून जातो म्हणे.

आता गुणाबाई कोण, ते सांगायला हवं. गणेशपुरीच्या पलीकडच्या पाड्यावरची ही बाई, नवरा गेल्यावर मजुरीच्या शोधात इकडे आली आणि आळीच्या टोकाच्या खोलीत राहिली. नाल्याच्या कडेला तिने एक वाफा केला होता. त्यात माठ, मुळा, अळू लावायची आणि सकाळी टोपली घेऊन विकायची. त्या वाफ्याला खत हवं म्हणून ती आळीतले सगळे पिंजरे रोज झाडायची. विष्ठा खरवडायची, खालचं ओलं काढायची, चुलीतली राख भुरभुरायची आणि आठवड्यातून एकदा पिंजरा पाण्याने घासून उन्हात तापवायची. कोणी सांगितलं नव्हतं; तिला खत मिळायचं, लोकांना फुकटात स्वच्छता मिळायची आणि फुकटात मिळालेल्या गोष्टीची कोणाला किंमत नव्हती.

नवाब जिंकून आला आणि सगळं फिरलं. आमच्या इकडच्या शौकिनांत एक समजूत आहे, की जिंकलेल्या कोंबड्याचा पिंजरा पुढच्या प्रदर्शनापर्यंत धुवायचा नाही. धुतला तर आलेलं यश धुऊन जातं. किशनने गुणाबाईला पिंजऱ्याला हात लावू दिला नाही. वर नवाबचे पाय मऊ राहावेत म्हणून त्याने दांडीला लूमच्या उरलेल्या सुताची जाड गुंडाळी केली आणि खाली शेडमधला कापसाच्या रुईचा भुगा अंथरला. दिसायला मोठं झकास. पांढऱ्याशुभ्र गादीवर लाल कोंबडा. आळीतल्या सगळ्यांनी तसंच केलं. जिंकणाऱ्याचं सगळंच बरोबर असतं. तो भुगा विष्ठेची ओल धरून बसायचा आणि जवळ गेलं की डोळे चुरचुरायचे. गुणाबाई तेव्हा किशनला म्हणाली होती, "नको धुवू तं नको. सडंल तुजा पिंजरा."

आता तेच वाक्य तिच्या गळ्याशी आलं होतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, आणि आळीने कावळ्याला धरलं.

मला राहवलं नाही. त्याच दुपारी मी किशनच्या दारात जाऊन भांडले. म्हटलं, मंत्राने रक्त निघत नाही, हा काहीतरी रंग आहे, हळदीला चुना लावला की लाल होतो तसला. किशनने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "टीचर, तो तुकडा मी ठेवलाय. तुम्हीच बघा. कोंबडी कापतो मी, खून कसा असतो ते मला कळतं."

मी बघितलं. ते खरंच रक्त होतं. सुकून तपकिरी झालेलं, रक्तासारखंच कडक झालेलं. मी गप्प बसायला हवं होतं, पण माझा स्वभाव तसा नाही. मी नवाबला बाहेर काढायला लावलं आणि त्याचं अंग पिसापिसाने तपासलं, जखम सापडते का म्हणून. एक ओरखडा नाही, एक किडा नाही. आळीतले चार रिकामटेकडे हसले. त्यातल्या एकाने विचारलं, की टीचर, विज्ञान दिसलं का? मी तणतणत घरी गेले, जेवणाच्या ताटावर बसले आणि न जेवता उठले.

चार दिवस असेच गेले. शाळेत मुलांसमोर उभी असायचे आणि मनात ती दांडी फिरायची. एकीकडे बाबांच्या अंगाऱ्याने सरूची उरलेली कोंबडी जरा तरतरीत झाली, आणि त्याने बाबांचा भाव आणखी वाढला. दुसरीकडे गुणाबाईचं जगणं रोज थोडं थोडं बंद होत गेलं. नळावर तिची बादली आली की बायका बाजूला व्हायच्या आणि ती भरून गेल्यावर नळ धुवायच्या. तिची भाजी कोणी घेईना. एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन तिच्या दारावरून जाताना त्याचं तोंड पदराने झाकून गेली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि मला इतकी लाज वाटली की काय सांगू.

गुरुवारी शाळेतून येताना तिच्या खोलीत डोकावले. ती गाठोडं बांधत होती.

"कुठे निघालात, मावशी?" मी विचारलं.

"ठाव न्हाय, बाय. भाच्याकडं जावं म्हनलं तं त्याचा फोन आला. तिकडं बी बातमी पोचली. नको येऊ म्हने. पाड्यावर बी कोंबड्या हायेत ना लोकांच्या."

मी तिला सांगायला लागले, की हे सगळं खोटं आहे, तो लबाड आहे, तुम्ही घाबरू नका. तिने माझं बोलणं थांबवलं नाही, पण ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. शेवटी तिने आपला उजवा हात पुढे केला आणि मला दाखवला. कष्टाने काळवंडलेला, नखांत माती असलेला हात.

"मी बोलले व्हते ना, सडंल म्हनून. रागात बोलले. मंग सडला. रगत माज्याच फडक्यावर आलं, सरूच्या न्हाय आलं. माज्या हातातच काय असंल, आनि मलाच ठाव नसंल, तं?"

बाबाने तिची खोली काढून घेतली होती, भाजी काढून घेतली होती, ते मला दिसत होतं. पण त्याने तिचा स्वतःवरचा विश्वासही नेला होता, आणि ते माझ्या लक्षात आलं तेव्हा मला तिथे उभं राहवेना. तिला म्हटलं, रविवारपर्यंत गाठोडं सोडून ठेवा, माझी शपथ आहे. आणि तशीच रिक्षा पकडून जनावरांच्या दवाखान्यात गेले.

तिथे नव्या आलेल्या डॉक्टर होत्या, धम्मदिना. वडील एसटीत वाहक, मुलगी पशुवैद्य. आमच्या शाळेत एकदा कुत्र्यांच्या लसीबद्दल बोलायला आल्या होत्या तेवढीच ओळख. एका शेळीच्या खुरावर पट्टी बांधत त्यांनी माझी सगळी कहाणी ऐकली. मी फार भडाभडा बोलत होते. त्या मात्र मध्येच एखादाच प्रश्न विचारायच्या. कोंबडा रात्री बेचैन असतो का? पिंजरा शेवटचा कधी धुतला? खाली काय अंथरलंय? दांडीला काय गुंडाळलंय?

"सूत? लूमचं?" असं म्हणून त्या पहिल्यांदा थांबल्या. "आणि तुम्ही कोंबडा कधी तपासलात?"

"दुपारी."

"चोर रात्री येतो, टीचर. तुम्ही त्याला दुपारी कोंबड्याच्या अंगावर शोधलंत. दुपारी तो स्वतःच्या घरी असतो."

मला काही कळेना. मग त्यांनी टेबलावरची मोजपट्टी उचलली, आडवी धरली आणि म्हणाल्या, की ही दांडी समजा. त्या बायकांनी कापड कसं फिरवलं ते करून दाखवा. मी आठवून आठवून दाखवलं. सुवर्णाने गाईच्या पाठीवरून हात फिरवावा तसा फिरवला होता, वरून. सरूनेही तसाच. आणि गुणाबाईचा हात बाबांनी वळवला होता. माझा हात पट्टीजवळ गेला आणि आपोआप उलटा झाला, प्रसाद घ्यायला पुढे करतो तसा, तळवा वर. गुणाबाईचं कापड दांडीच्या खालून फिरलं होतं.

मी धम्मदिनांकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या. "त्या बाबाला जागा माहीत आहे," त्या म्हणाल्या. "रविवारी मी येते. तोवर कोणी दांडीला हात लावू नका. आणि त्या मावशींना कुठे जाऊ देऊ नका."

ते तीन दिवस मला खायला उठले. शनिवारी तर मी दोनदा जाऊन बघून आले, की गुणाबाईच्या खोलीला कुलूप तर नाही ना लागलं.

रविवारी बाबा आले ते नारळ, लिंबं आणि काळे दोरे घेऊन. गर्दी गेल्या वेळेपेक्षा मोठी होती. त्यांनी येताक्षणी विचारलं, की ती बाई अजून इथे कशी. तेवढ्यात धम्मदिना गर्दीतून पुढे आल्या. साधा पंजाबी ड्रेस, खांद्याला पिशवी. मी त्यांची ओळख करून दिली, की या जनावरांच्या डॉक्टर आहेत आणि त्यांना फक्त एक परीक्षा पुन्हा बघायची आहे.

बाबांनी स्पीकरचा आवाज वाढवला. "जहाँ डॉक्टर का काम खतम, वहाँ बाबा का काम शुरू. विज्ञानाला व्हायब्रेशन दिसत नाही, बेटी."

"बरोबर आहे," धम्मदिना म्हणाल्या. "म्हणूनच शिकायला आले. तुमचा हात तर पवित्र असणार. तुमच्या हाताने एकदा कापड फिरवून दाखवा."

बाबांनी लगेच तुकडा घेतला आणि दांडीवरून फिरवला. वरून. पांढरा निघाला. त्यांनी तो गर्दीला दाखवला आणि दोनतीन जणांनी जयजयकारही केला. धम्मदिनांनी दुसरा तुकडा त्यांच्यापुढे धरला. "आता मावशींचा हात जसा वळवला होता, तसा वळवून."

बाबा म्हणाले, की शक्ती एका दिवशी एकदाच दाखवायची असते. मग म्हणाले, हा गुरूचा अपमान आहे. मग म्हणाले, या डॉक्टरीण बाईंचीही लाइन कापलेली दिसते. तुकडा मात्र त्यांनी घेतला नाही, आणि त्यांचा उजवा हात हळूच सदऱ्याच्या खिशात गेला. शाळेत वर्षानुवर्षं मुलांच्या मुठी उघडायला लावल्या आहेत मी. खिशात गेलेला हात मला ओळखता येतो.

ते सुवर्णानेही पाहिलं असावं. आपल्या घरातही तिला मोठ्याने बोलताना मी कधी ऐकलेलं नाही. ती पुढे आली, धम्मदिनांच्या हातातला तुकडा घेतला, तळवा वर केला आणि दांडीच्या खालून, सुताच्या गुंडाळीला घासत, पार खिळ्यापर्यंत ओढत नेला. कापड तिने स्वतःच उलगडलं. लाल.

सुवर्णाने तो तुकडा आधी नवऱ्याला दाखवला, मग बाबांना.

"मग मी पण चेटकीण का?" तिने विचारलं. "बोला ना. मी पण खोली सोडू?"

सरू पुढे झाली आणि तिने आपल्या घरच्या पिंजऱ्याची दांडी खालून पुसली. लाल. मग समोरच्या घरातली, मग तिच्या पलीकडची. बाबा ओरडत होते, की करणी सगळ्या आळीवर पसरली, आता मोठा विधी करावा लागेल. त्यांच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. कापडं फिरत होती आणि लाल निघत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"रक्त खरं आहे," धम्मदिना म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून एक पांढरी प्लेट काढली. चाकूच्या टोकाने नवाबच्या दांडीवरची गुंडाळी खालून थोडी उसवली आणि प्लेटवर झटकली. करडी भुकटी पडली, मिरपूड सांडावी तशी, आणि तिच्यात लाल ठिपके. मग त्यांनी प्लेट किशनच्या हातात दिली. "नीट बघा. घाई करू नका."

किशनने प्लेट डोळ्यांजवळ नेली. बाजूची चार डोकी त्याच्या खांद्यावरून वाकली. आणि मग ठिपके हलले. एक, दुसरा, मग सगळेच. रक्ताचे ते थेंब पाय फुटल्यासारखे प्लेटच्या कडेकडे, किशनच्या अंगठ्याकडे चालायला लागले.

धम्मदिनांनी भिंग पुढे केलं आणि तोच प्रकार एकेकाला दाखवत गेल्या. ही एक प्रकारची गोचीडच, खसखशीच्या दाण्याएवढी. माइट म्हणतात. दिवसा हिला उजेड सोसत नाही, म्हणून दांडीच्या खालच्या बाजूला, सांध्यांत, खिळ्यांच्या भोकांत लपून बसते. काळोख झाला की हजारोंनी वर चढते, झोपलेल्या कोंबडीचं रक्त पिते आणि उजाडायच्या आत परत. म्हणून कोंबडीवर दिवसा काही सापडत नाही. ओलसर घाण आणि लपायला मऊ जागा मिळाली की हिची पैदास थांबत नाही; लूमचं सूत आणि रुईचा भुगा म्हणजे आपण तिला गादीच घालून दिली. रक्त पिऊन फुगलेल्या असतात तेव्हा कापड घासलं की त्या चिरडतात. कापडावर येतं ते नवाबचंच रक्त, तिच्या पोटातलं.

"आणि अंगारा?" सरूने विचारलं. "माझी कोंबडी बरी झाली ना त्याने."

"थोडी झाली असेल. कोरड्या राखेने हे किडे सुकतात. कुठल्याही चुलीतली राख चालते. मावशी इतकी वर्षं तीच टाकत होत्या, फक्त त्यावर मंत्र म्हणत नव्हत्या."

हे ऐकून आळीतली माणसं हळूहळू गुणाबाईच्या खोलीकडे वळून बघायला लागली. ती उंबऱ्यात बसली होती, गाठोडं शेजारी. एवढी सगळी वर्षं आपल्या पिंजऱ्यांत हा किडा का नव्हता, आणि तिला हात लावायची मनाई केल्यावरच का झाला, याचं उत्तर आता कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

या गडबडीत बाबा आळीच्या तोंडाशी पोचले होते. तिथे त्यांना शेडमधल्या लोकांनी अडवलं. कोणीतरी हात उगारला, तेव्हा मी आणि धम्मदिना दोघी धावलो. मारायचं नाही, असं मी ओरडून सांगितलं. मागच्या रविवारी गुणाबाईला आळीबाहेर काढायला तयार झालेली माणसं हीच होती. पोलीस आले. विचारपूस झाली तेव्हा कळलं, की हा गृहस्थ पूर्वी पोल्ट्री फार्मवर कामाला होता; पिंजऱ्यात किडा झालाय का ते बघायला दांडीखालून पांढरं कापड फिरवायचं, ही तिथली नेहमीची तपासणी. जे ज्ञान कोंबड्या वाचवण्यासाठी होतं, ते त्याने एका बाईला देशोधडीला लावायला वापरलं. एखाद्या बाईला चेटकीण ठरवणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे, कायदा आहे त्याला. पण फिर्याद द्यायला गुणाबाईला न्यायला मी गेले, तेव्हा ती आधी माझ्याकडे डॉक्टरांचं भिंग मागून बसली. आपल्या उजव्या हाताचा तळवा तिने कितीतरी वेळ त्याच्याखाली धरला. मग उठली आणि म्हणाली, "चल."

दुसऱ्या दिवसापासून आळीत सुताच्या गुंडाळ्या आणि भुगा जाळायचं काम सुरू झालं. दांड्या काढून उकळत्या पाण्याने सांधे भाजले, पिंजरे घासून कडक उन्हात ठेवले, चुना लावला, डॉक्टरांनी दिलेलं औषध मारलं आणि खाली भाताचं कोरडं तूस घातलं. धम्मदिनांनी बजावलं होतं, की एकदा धुऊन भागणार नाही, अंडी फुटतात, आठवड्याने पुन्हा करायचं आणि पुढेही करत राहायचं. किशनने त्या वर्षी नवाबला प्रदर्शनाला नेलं नाही. हळूहळू त्याचा तुरा पुन्हा लाल झाला.

एका संध्याकाळी किशन मला सोबत घेऊन गुणाबाईकडे गेला. एकट्याने जायची त्याची छाती नव्हती. ती मुळ्याच्या जुड्या बांधत होती. त्याने हात जोडले, चुकलं म्हणाला, आणि मग म्हणाला, "मावशी, उद्यापासून पहिल्यासारखे पिंजरे तुम्हीच बघा. खत सगळं तुमचं."

गुणाबाईने जुडी बांधून पुरी केली. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकवलं नाही.

"खत आनून टाक दारात, घेईन मी. पन माजा हात आता कोनाच्या पिंजऱ्याला लागायचा न्हाय. आज नवाब बरा हाय. उद्या मेला, तं तू परत आदी माज्या हाताकडं बगशील."

तसं होणार नाही, असं किशनला छातीठोकपणे म्हणता आलं नाही. मलाही नाही.

तेव्हापासून आळीतले लोक आपापले पिंजरे स्वतः धुतात. बायकाच नाही, पुरुषही. गुणाबाईची भाजी पुन्हा खपते. पण तान्ह्या मुलांना घेऊन तिच्या दारावरून जाताना काही बायका अजूनही पाय उचलून चालतात; भिंगाखाली सगळं बघूनही. किडा उकळत्या पाण्याने जातो, हा संशय जात नाही. म्हणून तो येऊच द्यायचा नसतो, आणि माझं मागणं तेवढंच आहे. कोणी तुम्हाला रक्त दाखवलं तर रक्त खोटं आहे असं म्हणून मोकळं होऊ नका, मी ते करून हसं करून घेतलं आहे. विचारा, हे आलं कुठून. दुसऱ्याच्या हाताने, दुसऱ्या जागी, तीच परीक्षा पुन्हा करून बघा. जो करू देत नाही, त्याच्या खिशातल्या हाताकडे बघा. या प्रश्नांना ना पदवी लागते ना भिंग. ते फक्त पहिल्याच रविवारी विचारावे लागतात, बाई उंबऱ्यात गाठोडं घेऊन बसायच्या आधी. आमच्या आळीत त्या दिवशी एवढी माणसं उभी होती, मीसुद्धा होते, आणि ते आमच्यापैकी एकानेही विचारले नाहीत.